एका घराचं एक कार्ड

लहानू धांडेची बायको पौष महिन्यात वारली, आणि पुढच्या तीन आठवड्यांत तिचं मरण त्याला पाच खिडक्यांवर सांगावं लागलं.

कामठी रोडवर लोखंडी पाइपांचा कारखाना होता. लहानू तिथे तेरा वर्षांपासून साचे भरायचं काम करत होता. कारखान्याची कॉलनी होती, आणि कॉलनीत कामगारांसाठी ज्या सोयी होत्या त्या प्रत्येकीची खिडकी वेगळी होती. दवाखान्याचं कार्ड हिरवं, ग्राहक भांडाराचं गुलाबी, शहरात जाणाऱ्या बसचं पिवळं, घासलेटचं निळं. क्वार्टरात कोण राहतं त्याचं रजिस्टर आणखी पाचव्या ठिकाणी. प्रत्येकाचा नंबर वेगळा, बाबू वेगळा, आणि एका खिडकीवर सांगितलेलं दुसऱ्या खिडकीला कधी कळत नसे.

लहानू पाळी संपली की दाखला घेऊन एकेका खिडकीवर जायचा. "बायको वारली. नाव कमी करा." कोणी दाखल्याची नक्कल मागायचं, कोणी नकलेवर सही मागायचं. भांडारातला बाबू म्हणाला, साखर कमी होईल, चालन ना? बसच्या खिडकीवरच्या बाबूनं मान वर न करता सांगितलं, "पासावर सही लागते. वहिनीले घेऊन या." लहानूनं दाखला काचेखालून आत सरकवला. बाबूनं तो वाचला आणि बराच वेळ शिक्का शोधत राहिला.

पाचव्या खिडकीवरून परत येताना लहानू रस्त्याच्या कडेला पाइपावर बसला. तो रडला नाही. फार दमला होता.

फेब्रुवारीत कँटीनमध्ये कामगार कल्याणची मीटिंग होती. लहानू मीटिंगमध्ये कधी बोलत नसे. त्या दिवशी कृष्णकांत सबनीस नावाचे नवे कल्याण अधिकारी आले होते. पुण्याकडचे, तरुण, समोरच्याचं ऐकून घेणारे. कोणाला काही सांगायचं आहे का, असं त्यांनी विचारलं आणि लहानू उभा राहिला.

"साहेब, पाच कार्डांचं एक कार्ड करा. माणूस एकदाच मरते. तिले पाच डाव काहून मारून राहिले?"

साहेबांनी डायरीत काहीतरी लिहून घेतलं.

एप्रिलमध्ये गेटाजवळच्या फलकावर नोटीस लागली. वर मोठ्या अक्षरांत 'एका घराचं एक कार्ड'. खाली, श्री. लहानू धांडे, मोल्डिंग खाते, यांच्या सूचनेवरून. सगळ्या सोयींसाठी एकच नंबर, एकच खिडकी, जन्म-मृत्यू एकदाच कळवायचा. माणसं लहानूच्या पाठीवर थाप मारून जाऊ लागली.

"लहानूभाऊ, आता या रस्त्याले तुमचं नाव देतीन."

"रस्त्याले नको गा. खिडकीले दे."

तो सातवी शिकलेला होता. नोटीस त्यानं सावकाश, शेवटपर्यंत वाचली. शेवटी बारीक अक्षरांत होतं, की कार्डावर कामगार, त्याची पत्नी, मुलं, आई आणि वडील एवढेच राहतील. ज्याचं नाव कार्डावर नाही त्याला दवाखाना नाही. असा माणूस क्वार्टरात पाहुणा समजला जाईल आणि पाहुणा पंधरा दिवसांच्या वर ठेवता येणार नाही.

लहानू डबा हातात घेऊन तिथेच उभा राहिला. त्याच्या क्वार्टरात आता दोनच माणसं होती, तो आणि पार्वतीबाई. आणि पार्वतीबाई त्या यादीत कुठेच बसत नव्हती.

पार्वतीबाई त्याची सासू. पण त्याच्याही आधी ती त्याची मामी. त्यांच्यात मामाची मुलगी करायची रीत, तशी लहानूनं केली. लहानपणापासून तो तिला मामी म्हणायचा, लग्नानंतरही मामीच म्हणत राहिला. तिनं मात्र लग्नाच्या दिवसापासून त्याला नावानं हाक मारणं सोडलं. भाच्याचा जावई झाला, आणि 'तू'चं 'तुमी' झालं. मामा गेल्यावर कन्हानला तिच्या दिराच्या घरात तिला ओसरीवर खाट मिळाली, तीही पावसाळ्यात भिजायची. तेव्हा लहानूच्या बायकोनं आईला क्वार्टरात आणलं. त्याला आठ वर्षं झाली. लहानूला मूलबाळ नव्हतं. घरात ती तिघंच, आणि आता दोघं.

मामीला दमा होता. महिन्याच्या गोळ्या दवाखान्यातून यायच्या, आणि छाती फारच भरली तर कंपाउंडर सुई द्यायचा. दवाखाना क्वार्टरापासून शंभर पावलांवर होता. तेवढंही तिला दोनदा थांबून जावं लागे.

घरी येऊन त्यानं नोटिशीतलं सांगितलं. मामी हरभऱ्याची डाळ पाखडत होती. सूप तिनं मांडीवर ठेवलं.

"म्हंजे म्या बोचकं बांधाचं?"

"थांब वं मामी. रुपरावले विचारतो."

"तुमीच सांगतलं होतं ना त्याईले, एक कार्ड करा म्हणून."

"मीच सांगतलं."

"चांगलं सांगतलं," मामी म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली. ती टोमणा मारते आहे की खरंच म्हणते आहे हे त्याला कळलं नाही.

रुपराव कल्याण ऑफिसात कारकून होता. लहानूच्याच वयाचा, जाड भिंगांचा, तोंडाचा फटकळ. त्याच्या टेबलावर पाचही रजिस्टरं उघडी पडली होती आणि मधे नव्या कार्डांचा गठ्ठा.

"या लहानूभाऊ. एकदा उभे राहून बोलले तुमी, अन् कंबर माही मोडली."

"काय झालं?"

"बसा. क्वार्टर नंबर सत्त्याऐंशी. किती जण राहता?"

"दोन."

"कागदावर सहा हाये." रुपरावनं भिंगं कपाळावर चढवली आणि कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचायला घेतलं. "लहानू सदाशिव धांडे. हे तुमी. देवकी लहानू धांडे, पत्नी, मयत. हे भांडाराच्या रजिस्टरात. पंचफुला लहानू धांडे, हे दवाखान्यात. नातं लिवलंच नाही. तेही मयत. एका महिन्यात दोन बाया मेल्या तुमच्या घरी?"

"एकच हाये."

"थांबा, अजून संपलं नाही. पार्वतीबाई, आई. दवाखाना. पार्वतीबाई, सासू. भांडार. पार्वतीबाई, मामी. हे बसवाल्यानं लिवलं." त्यानं कागद खाली ठेवला. "तीन पार्वत्या. घर हाये का धर्मशाळा?"

लहानूनं एकेक सांगितलं. दवाखान्याचं कार्ड काढलं तेव्हा बायकोसोबत मामी गेली होती. खिडकीवर नाव विचारलं तर मामीनंच पंचफुला सांगितलं, माहेरचं नाव. सोबत कोण, तर आई. म्हणून आई. भांडाराचं कार्ड काढताना बाबूनं विचारलं, ही तुमची कोण, तर तो सासू म्हणाला. बसच्या खिडकीवर घाई होती, तोंडात मामी आलं, मामी लिहिलं गेलं.

"म्हंजे एक बाई तीन ठिकाणी तीन झाली, अन् एक बाई दोन ठिकाणी दोन."

"हव."

"अन् आजवर कोणाले पत्ता नाही."

"पाच खिडक्या होत्या. कोण कोणाले विचारते?"

रुपराव हसला, मग हसणं आवरलं. चार महिन्यांपूर्वी तो लहानूसोबत घाटावर आला होता. "लहानूभाऊ, नव्या कार्डावर सासू बसत नाही."

"मामी?"

"मामी तर बिलकूलच नाही."

"मंग कोण बसते?"

"आई बसते." रुपरावनं लहानूचं सर्व्हिस बुक ओढलं आणि पहिलं पान काढलं. सहासष्ट साली नोकरीला लागताना भरलेलं. "आई, मीराबाई, वय त्रेपन्न. हयात."

"माय तर एकोणसत्तर साली मेली. काटोलकडं, गावात."

"कोणाले कळवलं?"

"कोणी विचारलंच नाही."

"मंग कागदावर जित्ती हाये ते," रुपराव म्हणाला.

बाहेर मालाचा ट्रक मागे येत होता. त्याचा आवाज थांबला. मग रुपरावनं एक कोरा फॉर्म पुढे ओढला आणि पेन उघडलं.

"पाहा. देवकी ऊर्फ पंचफुला. हे खरं हाये का नाही?"

"खरं हाये."

"बाईले दोन नावं राहतेच. माहेरचं एक, सासरचं एक. साहेबाच्या मायलेही असतीन. त्यात त्याले काई वावगं वाटणार नाही." त्यानं ते लिहिलं. मग खालच्या ओळीवर पेन टेकवून तो म्हणाला, "मीराबाई ऊर्फ पार्वतीबाई."

लहानूनं त्या ओळीकडे पाहिलं. ती अजून कोरी होती.

"हे खोटं हाये रुपराव."

"वरचं खरं हाये, खालचं त्याच्या जोडीले बसते. एकच शाई, एकच हात. कोण पाहते?" त्यानं आवाज खाली आणला. "शनवारी साहेब म्हाताऱ्या माणसाईले बोलावून नाव विचारणार हाये. बुढीनं मीराबाई म्हनाचं. मंग दवाखान्यात त्याच नावानं पुकारतीन. तेवढंच."

"ते नाही म्हणाली तर?"

"मंग कन्हान," रुपराव म्हणाला.

लहानू घरी येताना सरळ रस्त्यानं आला नाही. पाण्याच्या टाकीला वळसा घालून आला. खोटं बोलायचं त्याला जड होतंच, पण त्याहून जड एक गोष्ट होती, ती रुपरावला ठाऊक नव्हती.

मीराबाई आणि पार्वतीबाई नणंद-भावजय. लहानूच्या लग्नानं दोघी विहिणी झाल्या, आणि त्याच दिवशी बिनसलं. पंचफुला पार्वतीबाईची एकुलती एक. मामा तिला फुला म्हणायचे, लहानूही लहानपणी फुलाच म्हणायचा. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि मीराबाईनं मुलाच्या हातात अंगठी देऊन देवकी लिहायला लावलं. आमच्या घरची रीत आहे, म्हणाली. पार्वतीबाईनं सगळ्यांसमोर हात जोडले होते. नाव राहू द्या बाई, एवढं एकच मागते. मीराबाईनं ऐकलं नाही. लहानूनं लिहिलं. तो एकवीस वर्षांचा होता, आई म्हणाली तसं लिहिलं. मीराबाई पुढे तीन वर्षं जगली. त्या तीन वर्षांत पार्वतीबाई तिच्या घरचं पाणी प्यायली नाही, आणि देवकी हे नाव तर तिनं आजपर्यंत तोंडातून काढलं नव्हतं.

बायको गेल्यापासून घरात तिचं नाव निघत नसे. मामी फुला म्हणणार, आणि कागदावर तर तो देवकी सांगत आलेला. म्हणून दोघंही 'ते' म्हणायची. ते असती तर. तिचं लुगडं. तिची वाटी.

त्यानं मामीला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मीराच्या नावानं?"

"हव."

"ज्या बाईनं माह्या पोरीचं नाव पुसलं, तिच्या नावानं मी गोळी खाऊ?"

लहानूनं माठातून पाण्याचा गिलास भरून घेतला.

"तुमची माय होती. गेलेल्या माणसाले मी वाईट म्हणत नाही. पर मले मीरा व्हाचं नाही, जवाई. मी कन्हानले जाते."

"तिथं गोळ्या कोण देईन?"

"नाही देईन कोणी. तिथं नदी तर हाये. घाट जवळ पडते, कोणाले तरास नाही."

"मामी, असं बोलू नको."

"काहून? बासष्ट वर्साची हाये मी. माही पोरगी गेली, मी राहून काय करून राहिली इथं? तुमच्या भाकरी थापून राहिली. दुसरी बायको करा, ते थापन."

लहानूनं हातातला पाण्याचा गिलास खाली ठेवला. तो जोरात टेकला आणि पाणी सांडलं. "अन् मी काय करू इथं एकटा?" तो म्हणाला. हे बोलायचं त्यानं ठरवलेलं नव्हतं. "पाळीवरून येतो तर दिवा लागलेला राहते. तू खोकलते, तर घरात कोणी हाये समजते. तू गेली तर मी या दोन खोल्याईत कोणासोबत बसू? भिंतीसोबत?"

मामीनं सांडलेलं पाणी पदरानं टिपलं. जेवायला भाकर आणि बेसन होतं. तिनं त्याला दोनदा वाढलं.

बुधवारी कारखान्यात जुनी वाळू चाळायला काढली. वाऱ्यानं धूळ कॉलनीवर आली आणि मामीची छाती भरली. गोळ्या संपल्या होत्या. लहानू दवाखान्यात गेला. कंपाउंडर बाबारावनं हिरवं कार्ड पाहून हात हलवले. पंचफुलाच्या नावावर रेघ आली, तशी तिच्या सोबतच्या नावावरही आली होती.

"नवीन कार्ड आणा लहानूभाऊ. जुन्यावर मले औषध काढता येत नाही."

"शनवारी येईल."

बाबारावनं दाराकडे पाहिलं आणि कागदाच्या पुडीत चार गोळ्या बांधून त्याच्या हातात दिल्या. "शनवारपर्यंत. अन् मी देल्या म्हणून सांगू नका."

घरी मामी भिंतीला टेकून बसली होती, खांदे वर ओढून, तोंड उघडं. गोळी घेतल्यावरही तिला तास लागला. लहानू समोर बसून होता. बायको असती तर पाठ चोळली असती. त्यानं मामीच्या पाठीला कधी हात लावला नव्हता. जावयानं सासूच्या पाठीला हात लावायचा नसतो. तो नुसता बसला, आणि तिच्या श्वासासोबत त्याचाही श्वास अडकत राहिला.

शुक्रवारी तो कामावरून आला तर दाराजवळ बोचकं बांधलेलं होतं. जुन्या चादरीचं, गाठ पक्की. त्यानं ते ओलांडून डबा आत ठेवला.

शनिवारी सकाळी ती त्याच्या आधी उठलेली होती. धुतलेलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन ती दारात उभी होती. "चला," म्हणाली. लहानूनं बोचकं उचललं, दाराला कडी लावली, आणि दोघं निघाली. रस्ता पाण्याच्या टाकीपाशी फुटत होता. डावीकडे बसचा थांबा, उजवीकडे ऑफिस. टाकीच्या ओट्यावर मामी टेकली. श्वास खाली बसेपर्यंत ती थांब्यावरच्या माणसांकडे पाहत होती. कन्हानची बस अजून आली नव्हती. मग ती उठली आणि उजवीकडे वळली. लहानू बोचकं घेऊन मागे.

ऑफिसच्या व्हरांड्यात आठ-दहा म्हातारी माणसं बाकावर बसली होती. यांचा नंबर चौथा. आत सबनीस साहेब खुर्चीवर आणि बाजूला रुपराव फॉर्म घेऊन उभा. साहेबांची नजर बोचक्यावर गेली.

"आजी गावाला निघाल्या वाटतं?"

"नाही साहेब," लहानू म्हणाला. त्यानं बोचकं खुर्चीमागे सरकवलं.

"बसा आजी. नाव काय तुमचं?"

मामी बसली. तिच्या छातीतली शिट्टी सगळ्यांना ऐकू येत होती. तिनं लहानूकडे पाहिलं नाही, रुपरावकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या फॉर्मकडे बोट केलं.

"तिथं लिवलं अशीन ना."

"लिहिलंय. पण तुमच्या तोंडून ऐकायचं."

रुपराव खिडकीबाहेर बघू लागला. लहानूला वाटलं की ती आता पार्वती म्हणेल, आणि म्हणाली तर बरंच होईल. निदान तेवढं तरी खरं राहील. मग त्याला वाटलं, नको.

"मीरा," ती म्हणाली. "मीराबाई."

"आणि पार्वतीबाई?"

"ते आधीचं."

"हे तुमचे कोण?" साहेबांनी लहानूकडे हात केला.

"लहानू."

तेरा वर्षांत तिनं हे नाव घेतलं नव्हतं. लहानूनं खाली पाहिलं.

"हो, पण तुमचे कोण लागतात?"

"माहा लहानू हाये," मामी म्हणाली. "लहान होता तवापासून माह्याच अंगणात खेळे."

साहेब हसले. त्यांनी लिहिलं, मुलगा. मग फॉर्म वरून खाली पाहत ते थांबले. "रुपराव, हे ऊर्फ चालणार नाही. छापील कार्डावर रकाना लहान आहे, एका माणसाचं एकच नाव बसेल. मुंबईच्या ऑफिसातून तसंच कळवलंय."

"मंग कोणतं लिवू साहेब?"

"सर्व्हिस बुकात असेल ते." त्यांनी बुक पाहिलं. 'ऊर्फ पार्वतीबाई'वर त्यांनी रेघ मारली. रेघ सरळ आली. मग ते वरच्या ओळीवर आले. "पत्नी, देवकी ऊर्फ पंचफुला, मयत. इथेही देवकी."

"साहेब," लहानू म्हणाला. "तिचं पंचफुला राहू द्या."

"का?"

"तिचं नाव ते."

"सर्व्हिस बुकात तर देवकी आहे. कोणी सांगितलं होतं?"

"मीच सांगतलं होतं."

साहेब वाईट माणूस नव्हते. "धांडे, नावं जुळली नाहीत तर पुन्हा पाच ठिकाणी हेलपाटे पडतील तुम्हाला. तुम्हीच तर म्हणाला होतात, एकदाच मरू द्या."

"हव साहेब. मीच म्हणलो होतो."

पेन पंचफुलावरून फिरलं. रुपरावनं शिक्का मारला आणि नवं कार्ड पुढे सरकवलं. करड्या रंगाचं, जाड, कडेला एकच नंबर. मामीचा अंगठा घेतला. लहानूनं सही केली. बाहेर पडताना साहेब म्हणाले की कल्पना खरंच चांगली होती, आता दुसऱ्या कारखान्यांतही करणार आहेत.

व्हरांड्याच्या पायऱ्यांवर मामी थांबली. अंगठ्याची शाई ती भिंतीला पुसत होती.

"काय लिवलं त्यावर? वाचून दाखव."

लहानूनं वाचलं. लहानू सदाशिव धांडे, स्वतः. देवकी, पत्नी, मयत. मीराबाई, आई.

"बस?"

"बस एवढंच."

मामीनं हिशेब केल्यासारखी बोटं मोजली. "म्हंजे मी मेली का मीरा मरन."

"हव."

"अन् पार्वती कवा मरन मंग? ते तर कुठं लिवलीच नाही आता. तिले मराले जागाच नाही ठेवली."

"तवाचं तवा पाहू मामी."

"फुलालेही नाही ठेवली." तिनं शाई पुसणं थांबवलं. कागदावरची देवकी आणि तिची फुला यांच्यातला फरक आता या पायऱ्यांवरच्या दोघांशिवाय कोणाला माहीत नव्हता. "फुला होती," ती म्हणाली, "अन् तूही तिले फुलाच म्हने. पेरूच्या झाडाखाली उभा राहून. आठवते का तुले?"

"आठवते," लहानू म्हणाला. "फुला फांदीवर बसून राहे. मले कच्चे पेरू फेकून मारे."

चार महिन्यांत पहिल्यांदा त्यानं ते नाव घेतलं. मागची म्हातारी माणसं एकेक करून आत जात होती, आणि यांना जरा बाजूला सरकावं लागलं.

गोळ्या संपल्या होत्या, म्हणून दोघं तशीच दवाखान्यात गेली. मामी दोनदा थांबली. नव्या कार्डासाठी आता एकच खिडकी, ती दवाखान्यातली, त्यामुळे भांडाराची, घासलेटची, बसची माणसं तिथेच लागली होती आणि रांग दारापर्यंत आली होती. एक बाई म्हणाली, आधी पाच ठिकाणी पाच-पाच माणसं राहत, आता एका ठिकाणी पंचवीस. लहानूनं ऐकलं. कार्ड आत दिलं, मामीला बाकावर बसवलं, बोचकं तिच्या पायाशी ठेवलं, आणि स्वतः भिंतीला टेकला. पाय दुखत होते. बाकावर मामीचे डोळे मिटत होते.

बाबारावनं आतून पुकारलं. "मीराबाई धांडे."

कोणी उठलं नाही.

"मीराबाई धांडे, सत्त्याऐंशी नंबर."

बाकावरच्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. लहानूनं दाराकडे पाहिलं. काटोलकडचं गाव, डोक्यावर भारा घेऊन वाकून दारातून आत येणारी त्याची आई, दहा वर्षांपूर्वी मेलेली. ती येते आहे का, हे तो खरोखरच पाहत होता. दारात ऊन होतं आणि एका बाईच्या हातात घासलेटचा डबा होता.

"मीराबाई धांडे आहे का कोणी?" बाबारावचा आवाज तिसऱ्यांदा आला.

लहानू भानावर आला. तो बाकाजवळ गेला आणि वाकला. मामीच्या पाठीवर त्यानं हात ठेवला.

"ऊठ वं," तो म्हणाला. "तुलेच बलावून राहिले."